गाडी बाबांच्या नावावर

भाच्याची स्कूटर सांगलीहून ट्रकमधून आली. आरशांना गोणपाट, हँडलला जुन्या साडीच्या चिंध्या आणि डिकीत ताईने सारून दिलेला मेतकुटाचा डबा. ट्रान्सपोर्टवाल्याने पेट्रोलची टाकी रिकामी करून घेतली होती, डिकी उघडून बघायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. गाडी दाजींची. सात वर्षं ती त्यांनी घर ते मार्केट यार्ड अशी चालवली. आता भाचा इंजिनिअरिंगला पुण्यात आला म्हणून त्याच्या मागोमाग तीही आली.

त्या रविवारी आमचे विमा एजंट काका घरी आले होते. एलआयसी आणि जनरल दोन्हीकडचं काम करत त्यांची तीस वर्षं गेलीत. डायरी द्यायला येतात, चहा घेतात आणि जाताना हमखास काहीतरी असं बोलून जातात की आठवडाभर झोप लागू नये. गाडी पार्किंगमध्ये लावताना त्यांनी भाच्याला विचारलं, "आरसी बुक कुणाच्या नावावर?"

"बाबांच्या."

"आणि इन्शुरन्स?"

"आहे की. बाबांनी गेल्याच महिन्यात भरलाय. थर्ड पार्टी."

"लायसन?"

"पर्मनंट आहे."

"शाबास. मग आता सांग, उद्या कर्वे रोडला घसरून पडलास तर या इन्शुरन्समधून तुला काय मिळणार?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे बघितलं.

"डिकीतलं मेतकूट," काका म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत. पॉलिसीचा कागद मागवून वाचला तेव्हा कळलं की माणूस शब्दश: खरं बोलत होता.

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. आपल्या गाडीने ज्याला धडक बसली तो. मोटार वाहन कायद्याने, म्हणजे १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ ने, हा विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं: जून २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, दुसऱ्यांदा चार हजार. त्यामुळे घरोघरी हिशोब असा होतो की गाडी जुनी झाली, तिला आता कशाला पूर्ण विमा, थर्ड पार्टी भरला की पोलीस अडवत नाही. दाजींनीही तेच केलं होतं. त्यांच्या मार्केट यार्डाच्या फेरीला ते पुरेसंही होतं.

पण गाडी चालवणारा स्वत: पडला तर तो तिसरा माणूस नसतो. त्याच्यासाठी पॉलिसीत वेगळी ओळ असते, 'ओनर-ड्रायव्हर'चा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. शब्द नीट वाचायचे: ओनर-ड्रायव्हर. अटीतच लिहिलेलं असतं की चालवणारा हा गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसी त्याच्या नावावर हवी आणि त्याच्याकडे वैध लायसन हवं. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. दाजी पडले तर १५ लाख. त्यांच्याच गाडीवरून त्यांचा मुलगा पडला तर त्या ओळीत तो बसत नाही. आणि दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा कायद्याच्या नजरेत मालकाच्याच जागी उभा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे चूक त्याचीच असेल तर तो तिसरा माणूस म्हणूनही दाद मागू शकत नाही आणि मालक म्हणूनही नाही. मधल्यामधे लटकला.

मागे बसलेल्या मित्राची कथा तर याहून वाईट. पुण्यात कॉलेजची दुचाकी एकट्याने चालते का कधी? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर फुकट मागे बसलेला माणूस येत नाही. २००६ च्या तिलक सिंग खटल्यातला हा निकाल. पूर्ण विमा, ज्याला एजंट लोक पॅकेज म्हणतात, त्यात तो येतो. दोन्हींच्या हप्त्यांत फार तर एका महिन्याच्या मेसचा फरक. आणि समजा गाडी मित्राला दिली, मित्राकडे लायसनच नाही आणि त्याने कुणाला उडवलं, तर विमा कंपनी आधी जखमीला पैसे देते आणि मग तेच पैसे गाडीच्या मालकाकडून वसूल करायला निघते. 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून हे तत्त्व पक्कं झालेलं आहे. मालक कोण? सांगलीत बसलेले दाजी. त्यांना तर गाडी कुठल्या चौकात उभी आहे हेही ठाऊक नसतं.

काका गेले आणि मी ताईच्या घरातल्या निळ्या फाईलचा विचार करत बसलो. कपाटाच्या वरच्या खणात असते ती, प्रत्येक मराठी घरात असते. मेडिक्लेम, एलआयसीच्या पावत्या, गाडीचे कागद, घरपट्टी. त्या फाईलमधला एकूण एक विमा घराच्या मापाने शिवलेला आहे. पत्ता घराचा, नाव वडिलांचं, मूल म्हणजे खाली 'आश्रित' म्हणून लिहिलेली एक ओळ. मूल अठराव्या वर्षी गादी, बादली आणि इंडक्शन घेऊन बाहेर पडतं. फाईल कपाटातच राहते.

*

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री अकराला भाच्याच्या रूम पार्टनरचा फोन आला. भाचा कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत तीन कॉट, तीन कपाटं, एक खिडकी आणि खिडकीखाली कुणाच्या तरी बंद पडलेल्या कूलरमध्ये साठलेलं पाणी. ताप तीन दिवसांचा होता, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डेंग्यू. प्लेटलेट उतरत होत्या, डॉक्टरांनी ॲडमिट करा म्हणून सांगितलं.

हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर एक झोपाळलेला मुलगा बसला होता. त्याने कार्ड मागितलं. कार्ड सांगलीत. पॉलिसी नंबर विचारला. तो दाजींच्या मोबाइलमध्ये आणि दाजींचा मोबाइल रात्री दहानंतर सायलेंट. पॉलिसीधारकाचं आधार, पेशंटचं आधार, पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठी कुठल्या तरी पॅंटच्या खिशात धुतली गेलेली. शेवटी ताईच्या शेजारच्या काकूंना फोन करून उठवलं. त्यांनी जाऊन दार वाजवलं, तेव्हा पाऊण वाजता कार्डाचा फोटो आला. फोटोवर दाजींचा अंगठा.

तोवर काउंटरवरच्या दुसऱ्या बाईंनी मला विचारलं होतं, "ट्विन शेअरिंग की सिंगल?"

मी म्हटलं, सिंगल. पोरगं तापाने फणफणलंय, शेजारी कुणी खोकणारं नको. मामाच्या मायेने घेतलेला हा निर्णय मला २०,३०० रुपयांना पडला. त्याचा हिशोब मांडतो, कारण हा हिशोब मला आधी कुणी मांडून दाखवला असता तर बरं झालं असतं.

दाजींची पॉलिसी तीन लाखांची फॅमिली फ्लोटर, जुन्या पद्धतीची. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज तीन हजार. सिंगल रूम होती सहा हजारांची. मला वाटत होतं, वरचे तीन हजार आपण भरू, विषय संपला. तसं नसतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरची व्हिजिट, नर्सिंग या सगळ्याचा दर खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतो. म्हणून विमा कंपनी म्हणते, तुमचा हक्क अर्ध्या भाड्याच्या खोलीचा होता, तर त्या खर्चांचंही आम्ही अर्धंच देणार. चार दिवसांचं भाडं २४ हजार, व्हिजिट आणि नर्सिंग १२ हजार. दोन्ही मिळून ३६ हजार, त्याचे निम्मे म्हणजे १८ हजार आमच्या अंगावर. औषधं आणि तपासण्यांचे २१ हजार मात्र पूर्ण मंजूर झाले, कारण २०२० च्या नियमांनी विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, औषधं, इंप्लांट आणि तपासण्या या कात्रीतून बाहेर काढल्यात. आयसीयूलाही ही कात्री लागत नाही. मग उरले हातमोजे, टोप्या आणि असलंच किरकोळ सामान, २,३०० रुपयांचं, जे पॉलिसीत बसत नव्हतं. ट्विन शेअरिंग म्हटलं असतं तर २,३०० रुपयांत सुटलो असतो. आणि शेजारच्या कॉटवर खोकणारा माणूस असताच असं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मात्र एक गोष्ट उपयोगी पडली. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या अर्जाला कंपनीने तासाभरात उत्तर द्यायचं आणि हॉस्पिटलने डिस्चार्जचे कागद पाठवल्यावर अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने काही जादा लावलं, तर ते कंपनीने स्वत:च्या भागधारकांच्या पैशातून भरायचं. मी खिडकीवर एवढंच विचारलं, "कागद किती वाजता पाठवले, ती वेळ जरा लिहून देता का?" त्यानंतर काम आपोआप वेगाने सरकलं.

आता भाच्याच्या मोबाइलमध्ये एक फोल्डर आहे. कार्ड, वडिलांचं आणि स्वत:चं आधार, पॉलिसीचं पहिलं पान, खोलीभाड्याची ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली. तेच फोल्डर रूम पार्टनरच्या मोबाइलमध्येही आहे, कारण आजारी माणूस स्वत:चा मोबाइल उघडून देण्याच्या अवस्थेत असतोच असं नाही. विम्याविषयी मला यापेक्षा मोलाचा सल्ला देता येणार नाही, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

*

'आश्रित' या शब्दाला वय असतं. बहुतेक फ्लोटर पॉलिसींमध्ये मूल पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतं, तेही अविवाहित आणि न कमावणारं असेल तर. इंजिनिअरिंगच्या पोराला हे पुरतं. पण सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जाऊन बघा. एमपीएससीची मुलं चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस वर्षांची. कमाई नाही, लग्न नाही, परीक्षेची तारीख पुढे गेलेली. घरच्यांना वाटतं, पॉलिसीत नाव आहे. नाव असतं, नूतनीकरणाच्या वेळी गळून पडेपर्यंत.

गळण्याच्या आधी एक वाट असते. त्याच कंपनीकडे मुलाच्या नावाची वेगळी पॉलिसी मागायची, याला मायग्रेशन म्हणतात, आणि मग फ्लोटरमध्ये काढलेली वर्षं त्याच्या खात्यावर येतात. त्या वर्षांना किंमत आहे. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा झालाय, पूर्वी चार होता. आणि पाच वर्षं सलग विमा असेल तर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'तुम्ही अमुक लपवलं' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अठराव्या वर्षापासून फ्लोटरमध्ये असलेल्या मुलाची ही पाच वर्षं केव्हाच भरलेली असतात. चार महिने खंड पडला की तो शून्यावर. वडिलांच्या कंपनीतल्या ग्रुप पॉलिसीवर विसंबणाऱ्यांनी तर वडिलांच्या निवृत्तीची तारीख मुलाच्या मार्कशीटशेजारी लिहून ठेवावी. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होतात तेव्हा पोरगं बऱ्याचदा तिसऱ्या वर्षाला असतं. नवी वैयक्तिक पॉलिसी काढायची तर एक बरं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला.

सरकारी छत्र्याही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांपर्यंत नेलं, पाच लाखांपर्यंत, ठरावीक उपचार आणि अंगीकृत रुग्णालयांपुरतं. आता शुभ्र शिधापत्रिकाही चालते. पण शिधापत्रिका कुठे? निळ्या फाईलमध्ये. इथे एक गंमत आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईचं नाव लागतं, २०१३ च्या कायद्यानेच तसं ठरवलंय. अख्ख्या फाईलमध्ये आईच्या नावावरचा हा बहुधा एकटाच कागद.

मुलाच्या स्वत:च्या नावावरचा पहिला विमा बहुधा वीस रुपयांचा असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा हप्ता बारा रुपये होता, जून २०२२ पासून वीस. अठरा पूर्ण झाली, बँकेत खातं आहे आणि तिथे एकदा संमती दिली, की अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशत: अपंगत्वाला एक लाख. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यातून दरवर्षी आपोआप वीस रुपये कापले जातात, १ जून ते ३१ मे. खात्यात वीसच रुपये नसले तर संरक्षण जातं, आणि हॉस्टेलच्या पोरांच्या खात्यात मे महिन्याच्या शेवटी काय असतं ते आपण सगळे जाणतो.

मनाच्या आजाराविषयी दोन ओळी लिहितोच, कारण अभ्यासिकांच्या गल्लीत तो विषय भिंतीला चिकटलेला असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराचा उपचार शारीरिक आजारासारखाच धरणं बंधनकारक केलंय. कायदा चांगला आहे. पण मेडिक्लेम मुळात ॲडमिट झाल्यावरच जागा होतो, आणि या मुलांना लागतं ते आठवड्याला एक तास कुणाशी तरी बोलणं. तो तास ओपीडीत मोडतो, म्हणजे खिशातून. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन फुकट आहे, १४४१६. अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डावर 'चपला बाहेर काढाव्यात'च्या शेजारी हा नंबर लावायला काय हरकत आहे?

लॅपटॉपचं थोडक्यात सांगतो. घरातल्या सामानाचा विमा असलाच तर तो पत्त्याला चिकटलेला असतो. सांगलीच्या घरातला टीव्ही त्यात येतो, कर्वेनगरच्या कॉटखालचा लॅपटॉप नाही.

*

आमच्या शेजारच्या मुलीला अमेरिकेत एमएससाठी चाळीस लाखांचं कर्ज मंजूर झालं, तेव्हा तिच्या वडिलांनी पेढे दिले आणि मंजुरीपत्र वाचायला दिलं. त्यात मधेच एक ओळ होती, कर्ज सुरक्षा विम्याचा एकरकमी हप्ता. तो कर्जातच मिळवलेला. म्हणजे हप्त्याचे पैसेही उधार आणि त्यावरही शिक्षण संपेपर्यंत व्याज चढत जाणार. त्यांनी कधी हा विमा मागितला नव्हता. सही मात्र त्यांचीच होती, सतरा सह्यांमधली एक.

असा विमा घेणं सक्तीचं आहे का? रिझर्व्ह बँकेचा तसा कुठलाही नियम नाही, कर्ज देणारे आपापल्या अटी घालतात. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: यात जीव कुणाचा विमित आहे? बहुतेक वेळा विद्यार्थ्याचा. मुलीचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटेल आणि सहकर्जदार बापाच्या घरावर जप्ती येणार नाही. हे योग्यच आहे, मी ते वाईट म्हणत नाही. मात्र मुलगी तिकडे पहिल्या सेमिस्टरमध्ये असताना इकडे वडीलच गेले, तर हा विमा ढिम्म हलणार नाही. त्या वेळी मुलगी कमावत नसेल. घर गहाण असेल. घरखर्च वडिलांच्या पगारावर असेल. त्या चाळीस लाखांच्या पाठीशी खरं तर वडिलांच्या आयुष्याचा साधा टर्म विमा हवा, कर्ज फिटेपर्यंतच्या मुदतीचा. शेजारच्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या चार एलआयसी आहेत." चारींची मिळून विमा रक्कम साडेआठ लाख निघाली. मराठी माणूस विमा म्हणून बचत घेतो आणि बचत म्हणून सोनं. त्यात एलआयसीचा दोष नाही. आपणच पन्नास वर्षं एजंटला एकच प्रश्न विचारत आलो, शेवटी किती मिळणार?

त्यांनी त्या कर्ज विम्याचं काय केलं? २०२४ पासून नवी पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांच्या आत परत करता येते, पूर्वी बहुतेक पॉलिसींना पंधराच दिवस मिळायचे. त्यांनी वाचून ठेवून घेतली. वाचून घेतलेला निर्णय असल्याने मला काही बोलायचं कारण उरलं नाही.

*

परदेशात गेलं की नावाचा घोळ एका झटक्यात सुटतो, कारण तिथे वडिलांचं नाव कुणी विचारत नाही. जर्मनीचं उदाहरण घेऊ. पुण्यात जर्मन शिकून तिकडच्या विद्यापीठांत जाणाऱ्या मुलांची रीघ आता जुनी झाली. बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, त्या देशात आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नावच नोंदवलं जात नाही. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा निधीत सवलतीच्या दराने जागा मिळते, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. इथे आपली हिशोबी मुलं एक चूक करतात. सुरुवातीला महिन्याला तीस-चाळीस युरोंचा खासगी विमा स्वस्त दिसतो, म्हणून सार्वजनिक विम्यातून सूट घेतात. ही सूट मागे घेता येत नाही. शिक्षण संपेपर्यंत सार्वजनिक विम्याचं दार बंद. मग दुसऱ्या वर्षी दाढ किडते, पाठ धरते, आणि स्वस्त पॉलिसीच्या अपवादांची यादी वाचायची वेळ येते. तिशीच्या पुढे पीएचडी किंवा दुसरं एमएस करायला जाणाऱ्यांना तर तो विद्यार्थी दर मिळतच नाही. हे व्हिसाच्या आधीच कळायला हवं.

जर्मनांचा आणखी एक विमा आपल्याला ऐकून हसू येतं: दुसऱ्याचं नुकसान केल्याचा विमा, हाफ्टफ्लिश्ट. महिन्याला काही युरो. आखनला शिकणाऱ्या एका मुलाने मला सांगितलं की हॉस्टेलची किल्ली हरवली तेव्हा त्याला वाटलं, पन्नास रुपयांत डुप्लिकेट होईल. ती किल्ली इमारतीच्या मुख्य दारालाही चालत होती, म्हणून सगळी कुलपंच बदलण्याचा विषय निघाला. शेकडो युरोंचा. त्याच्या पॉलिसीत किल्लीचं कलम होतं. त्याच्या रूममेटच्या पॉलिसीत नव्हतं आणि त्याने ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

ब्रिटनमध्ये गोष्ट सोपी आहे पण पैसे आधी मोजावे लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार, व्हिसाच्या अर्जासोबत एकदम. वर्षभराच्या मास्टर्सचा व्हिसा सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे ११६४ पौंड. त्यात सरकारी आरोग्यसेवा मिळते, दातांचा खर्च वेगळा. ऑस्ट्रेलियाला व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा विमा आधीच काढावा लागतो. दातांची रड तिथेही तीच. कुठल्याही देशात जा, निघण्याआधी दात दाखवून घ्या आणि चष्म्याच्या दोन जोड्या करून न्या. आमच्या आईच्या पिढीला हे कुणी सांगावं लागलं नसतं.

अमेरिका मात्र वेगळंच प्रकरण आहे. २०२३-२४ मध्ये तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, कुठल्याही दुसऱ्या देशाहून जास्त. एफ-१ व्हिसासाठी अमेरिकी सरकार विम्याची सक्ती करत नाही, ती विद्यापीठ करतं, आणि स्वत:चा प्लॅन फीमध्येच लावून टाकतं, वर्षाला काही हजार डॉलर. मग मुलं भारतातून काढलेली स्वस्त पॉलिसी दाखवून 'वेव्हर' मागतात. कधी मिळतो, कधी नाकारतात. मिळाला तरी आनंद थोडा थांबून करावा. समजा पॉलिसीत पहिले ५०० डॉलर आपले आणि त्यापुढच्या खर्चाचे २० टक्के आपले असं लिहिलंय. गुडघ्याच्या तपासणीचं बिल आलं ३००० डॉलर. पहिले ५०० गेले, उरलेल्या २५०० चे २० टक्के म्हणजे आणखी ५००. विमा असूनही हजार डॉलर खिशातून. तेही डॉक्टर कंपनीच्या जाळ्यातला असला तर. तापाला इमर्जन्सीत जायचं नसतं, आधी कॅम्पसचं हेल्थ सेंटर, मग अर्जंट केअर, हे तिथे गेलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या बिलानंतर पाठ होतं. बिलाआधी पाठ असलेलं बरं.

आता एक नकोसा विषय. परराष्ट्र मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये संसदेत आकडा दिला, आधीच्या पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थी दगावले. सर्वांत जास्त कॅनडात, १७२. प्रत्येक वेळी मागोमाग वर्गणीचं आवाहन फिरतं, मृतदेह घरी आणण्यासाठी. दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, गरजूंना त्यातून मदत होते. पण मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च विद्यार्थी प्रवास विम्यात बहुधा समाविष्ट असतो, आणि जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्यासारख्या उत्तम व्यवस्थेतही तो नसतो. दोन्ही विमे एकमेकांच्या जागी चालत नाहीत ते यासाठी. भारतातून काढलेल्या पॉलिसीत आणखी एक कलम शोधावं: शिक्षणाचा खर्च करणारी व्यक्ती अपघातात गेली तर उरलेली फी. 'स्पॉन्सर प्रोटेक्शन' म्हणतात. बाप मुलाच्या पॉलिसीत विमित म्हणून शिरतो तो इथेच, उलट्या बाजूने.

*

गणपतीला सांगलीला गेलो तेव्हा फॉर्म २९ आणि ३० सोबत नेले होते. गाडीच्या हस्तांतराचे. दाजींनी चष्मा लावून दोन्ही वाचले.

"म्हणजे मी पोराला गाडी विकली असं लिहायचं?"

"हस्तांतर केली."

"तेच ते." ते बराच वेळ पेन हातात धरून बसले. ताई आतून म्हणाली, "सही करा की, आरतीला उशीर होतोय." त्यांनी केली. नंबर एमएच १० चाच राहणार ना, एवढं मात्र दोनदा विचारून घेतलं.

पुढची सगळी खटपट काकांनी केली. जुन्या गाडीला पॅकेज देण्याआधी कंपनीला तिचे फोटो लागतात. चारी बाजूंनी, चासी नंबरचा, आणि मीटरचा. मीटरचा फोटो काढताना काकांच्या लक्षात आलं की आरशाला अजून गोणपाटाचा धागा अडकलाय, तो त्यांनी ओढून काढला.

दुसऱ्या आठवड्यात मी कामाने पुन्हा सांगलीला जाऊन आलो. स्वारगेटला एसटीतून उतरलो तर भाचा घ्यायला आलेला. ताईने दिलेला पंचखाद्याचा डबा डिकीत गेला, एक हेल्मेट त्याने मला दिलं, दुसरं स्वत: घातलं.

मी पाय टाकायला उचलला आणि थांबलो. "पॅकेज झाली का रे?"

"परवाच आली पॉलिसी. माझ्या नावावर." त्याने गाडी सुरू केली. "बसा, मामा."